रिकाम्या कड्या

दक्षिण ऑकलंड. सकाळचे पावणेसात.
सेलुवाइआ मेणाची वडी यंत्राच्या जबड्यात बसवते
आणि चाक फिरवते.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पट्ट्या
कोमट पाण्यावर तरंगतात,
ती त्यांना काचेवर झेलते, श्वास रोखून.

वडीवर नाव नसतं. आकडा असतो.
सोबतच्या कागदावर वय : एकोणचाळीस,
आणि दोन शब्द :
गर्भाशय. वपाजाल.

वपाजाल म्हणजे आतड्यांवर पांघरलेला मेदाचा पदर.
तिला मात्र दर वेळी चटई आठवते,
टोंगात चर्चला निघताना आई कमरेला गुंडाळायची ती ताओवाला,
जिच्याशिवाय वडीलधाऱ्यांसमोर जाणं म्हणजे उघड्यानं जाणं.

रंगवलेली काच ती भिंगाखाली सरकवते.
अस्तरात जांभळी झुंबड,
ग्रंथीला ग्रंथी खेटलेली, मधे सुई शिरायला जागा नाही.
आणि मेद?
मेद तिथे नाहीच.
आधी अल्कोहोल, मग झायलीन, वाटेतच तो विरघळून गेला.
उरल्या नुसत्या पांढऱ्या कड्या,
बिऱ्हाड उठून गेलेल्या खोल्यांसारख्या.

किती तरी वर्षं भिंगांनी हेच पाहिलं
आणि ठरवून टाकलं :
हे कोठार. मुकं. पडून असणारं.

"मुकं कसलं," डॉक्टर पेट्री बिस्किट चहात बुडवत म्हणतात,
"अखंड बडबड चालू असते त्याची.
लेप्टिन घे. ग्रीक शब्द, अर्थ सडपातळ,
आणि बनवतो कोण, तर मेद!"
ते हसतात. मग समोर कोण बसलंय हे लक्षात येऊन
हसू चहाबरोबर गिळतात.

मेद वाढतो तसं लेप्टिन वाढतं,
इतकं, की मेंदू त्याच्याकडे कानाडोळा करू लागतो.
पण शेजारपाजारच्या पेशींचे कान ते भरत राहतं :
वाढा. पसरा. कोण अडवतंय?
अडवणारी एक होती, अ‍ॅडिपोनेक्टिन,
पण घर भरत जातं तसतशी
तीच बोलेनाशी होते.
शिवाय हा मेद चोरून इस्ट्रोजेनही गाळतो,
आणि अस्तराला रोज सांगावा धाडतो :
पाहुणा येणार आहे, गाद्या घाला.
पाहुणा येत नाही.
गाद्या उचला असं सांगणारंही कुणी येत नाही.
गादीवर गादी, गादीवर गादी.

"अर्थात, हे सगळं 'बहुधा'," पेट्री कप विसळतात.
"धोका वाढतो, एवढंच. धोका म्हणजे निकाल नव्हे.
पुष्कळ जणींना काहीच होत नाही. का होत नाही, तेही नीट माहीत नाही."

सेलुवाइआ गप्प.
तिला सोसाइआमामाचे हात आठवतात, थंडीनं तडकलेले.
याच शहरात, गोठवणाऱ्या कारखान्यात,
मेंढीच्या पोटाच्या चरबट पट्ट्या तो खोक्यांत भरायचा,
इथल्या ताटांना नको असलेल्या.
खोकी बोटीनं बेटावर जायची.
तिकडे ती उघडायची त्याचीच बहीण,
तारोच्या पानात गुंडाळून रविवारी भट्टीत पुरायची,
आणि मुलांचे गाल वर आले की
तिच्याच अंगावर मूठभर मांस चढायचं.

तो आनंद कुठल्या रसायनात विरघळतो?

दुपारी फोन. मावसबहीण टोकिलुपे.
आधी इकडचं तिकडचं, पोरांच्या शाळेचं,
मग आवाज खाली :
"अजून जातंय गं. मधेच. सव्वा वर्ष झालं."
"डॉक्टर काय म्हणाले?"
"वजन कमी कर म्हणाले. मग या."
"तपासलं?"
"नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटते आता.
सहाच किलो उतरलं."

सेलुवाइआ खिडकीशी उभी.
पार्किंगमध्ये कुणीतरी खुर्चीतून कुणालातरी उतरवतंय.
वय विचारायची गरज नाही,
टोकिलुपे तिच्याहून चार महिन्यांनी मोठी.
छत्तीस.

"वजन राहू दे तुझ्यापाशी," ती म्हणते,
"मंगळवारी माझी सुट्टी आहे. मी येते तुझ्याबरोबर आत.
तपासल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही,
खुर्ची मोडली तरी."

पलीकडून एक हसू फुटतं, भलं मोठं,
फोनच्या इवल्या छिद्रांत न मावणारं.

ती परत जागेवर येते.
हात पुसते. चाक फिरवते.
पुढची वडी. वय चौतीस.